फळ्यावरचे साहेब

साहेबांवरनं आठवलं. एकाहत्तर-बाहत्तरला मी नगरला पोलीस शिपाई होतो. कचेरीत आजवरच्या सगळ्या साहेबांच्या नावांचा फळा होता, पार इंग्रजांपासूनचा. नव्या साहेबांनी आमच्या हवालदार अण्णांना विचारलं, "यातला सगळ्यात चांगला कोण?"

अण्णांचा शेवगावला बदलीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर पडलेला!

"बदलून गेले ते समदे चांगले, साहेब."

"आणि मी?"

"तुमीबी व्हाल की."

मी मनात म्हटलं, लागली अण्णांची वाट. पण साहेब खो खो हसले आणि अर्जावर सही केली.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. निरोपाला अण्णा शेवगावहून मुद्दाम आले. साहेबांनी विचारलं, "काय अण्णा, झालो का चांगला?"

अण्णांनी सलाम ठोकला.

"आधी सांगा साहेब, नव्या साहेबांना चार्ज दिला का?"