ब्रेकची करकर

नाही, नाही, बसा हो, अडचण कसली! उलट तुमच्या हातात हेल्मेट दिसलं म्हणून तर मी बाकावर सरकून जागा केली. मला एवढंच सांगा, तुम्ही सायकलवाली मंडळी ऑनलाइन सल्ला नेमका कुठे बघता? खात्रीचा, म्हणजे ज्यावर डोळे मिटून विसंबावं असा? कारण तिथे काय, ज्याला हँडल धरता येतं तो गुरुजी! एक म्हणतो टायरमध्ये हवा ठासून भरा, दुसरा म्हणतो भराल तर पस्तावाल, आणि दोघांच्या मागे तेच ते संगीत — ऐकायचं कुणाचं? — छे, माझं नाही हो काही. या वयात मी कुठला सायकल चालवतोय! शेजाऱ्यांसाठी विचारतोय. त्यांच्या सायकलचा ब्रेक करकरायचा. डिस्क ब्रेक — चाकाच्या मधोमध ती पातळ चकती असते ना, तिला दोन्हीकडून चिमटा बसतो — तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमच्याही सायकलला तोच दिसतोय. तर ती करकर अशी, की गल्लीच्या टोकाला ब्रेक दाबला तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यावं.

आता मी गणिताचा मास्तर. जन्म पेपर तपासण्यात गेला. एका बाकावरच्या तिघांची चूक एकसारखी आली, की मी ओळखायचो — केलीय एकाने, उतरवलीय दोघांनी. कान धरून उभं करायचो तिघांना. आणि इथे? तीन ठिकाणी एकच उपाय वाचला — चकतीवर तेलाचा फवारा मारा, करकर बंद — तर मला वाटलं, तिघं म्हणतात म्हणजे खरंच असणार! वाक्यन् वाक्य तेच, फोटोसुद्धा तोच, त्यातल्या माणसाचा अंगठासुद्धा तोच. दिसू नये मला? आणि खाली लोकांचे अभिप्राय — 'करकर गेली, आभारी आहे', 'एकदम शांत झाली'. जाणारच ना! तेल घातलं की करकर जाते. करकरीबरोबर ब्रेकही जातो, हे लिहायला कोण परत येणार? ज्याचा गेला तो — जाऊ द्या. जाऊ द्या ते.

तर मी मारला फवारा. पुढच्या चाकावर, मागच्या चाकावर, सढळ हाताने — मी म्हणजे... बरं, मीच. शेजारी कसले नि काय! आमच्या सुनेची सायकल आहे. काल संध्याकाळी अंगणात ढकलून बघितली, ब्रेक दाबला, चाक थांबलं, आवाज नाही. काय सांगू तुम्हाला, छाती अशी फुगली! ती म्हणाली, 'बाबा, आज तर तुम्ही कमालच केलीत.' कमाल! त्या घरात कमाल हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला होता आठवत नाही. मी लगेच आत जाऊन अभिप्राय लिहिला — 'सुनेच्या सायकलवर करून पाहिलं, शंभर टक्के गुण.' आणि आज जेवण झाल्यावर, किती जणांना आवडला ते बघायला गेलो. हौस! तर खाली कुणीतरी लिहिलेलं — काका, ती सायकल उतारावर नेऊ देऊ नका.

मग शोधलं. शोधायला हवं होतं आधी, ते मग शोधलं. ब्रेक बनवणाऱ्यांचंच पान निघालं. ना फोटो, ना गाणं, ना 'मित्रांनो'. कोरडं लिहिलेलं — चकतीला तेल लागू देऊ नका, बोटही लावू नका, लागलं तर चिमट्यातले पॅड बदला, तोवर सायकल चालवू नका. बस्स. खरं बोलणाऱ्याला रंगवून सांगायची गरज नसते, हे मी पोरांना शिकवत आलो हो.

सकाळी ती वर गेली, तेव्हा काही झालं नाही. चढावर ब्रेक लागतो कुणाला? तिचं ऑफिस त्या पाण्याच्या टाकीपाशी, टेकडीच्या डोक्यावर. येताना हा उतार. हाच. आणि उताराच्या पायथ्याला हा चौक — बघताय ना ट्रक कसे वळतायत? मी पायीच निघालो होतो वर. गुडघ्याने इथेच हात टेकले. — हे? ही टाचणी आहे. खिशात... आता तुमच्यापासून काय लपवायचं? वर जाऊन गुपचूप टायरला टोचणार होतो. पंक्चर झालं म्हटल्यावर ढकलत आणली असती बिचारीने. कुणाला काही कळलं नसतं.

फोन? तुम्ही मघापासून त्या फोनकडेच बघताय. आहे, हातातच आहे, नंबरही काढून ठेवलाय. पण काय सांगू तिला? मागच्या महिन्यात मी गॅसची नळी बदलली, तेव्हा मुलगा म्हणाला होता, 'बाबा, कशाला हात लावू नका.' रात्री दाराआडून ऐकलं मी — एक चांगली जागा आहे म्हणे, माझ्या वयाची माणसं असतात, बाग आहे, डॉक्टर येतो. बाग! मला बाग नको हो. मला सकाळी चिऊच्या वेण्या घालायच्या असतात. — चिऊ म्हणजे नात. पाळणाघर त्या ऑफिसच्या शेजारीच, येताना तिला घेऊनच... हो. मागच्या सीटवर. हो, तिच्याच सायकलवर. असं बघू नका हो माझ्याकडे! मला कळत नाही का? मी इथे बसून बागेचा विचार करतोय आणि त्या दोघी —

लावतो. लावतो फोन. गेलो तर गेलो बागेत.

वाजतोय... हॅलो! हे बघ, सायकल बाहेर काढू नकोस, माझ्या हातून फार मोठी — कोण? चिऊ? तुझ्याकडे कसा गं फोन? आई कुठेय? ... पुढे? पुढे म्हणजे — चिऊ, हा वारा कसला वाजतोय? ... हसू नकोस, बाळा. आजोबांचं ऐक. आईला सांग, रस्ता सोड, गवतात घाल सायकल, गवतात! ओरडून सांग तिला — सांगितलंस? काय म्हणते आई? ... चिऊ? आई काय म्हणतेय?

अहो, काही बोलू नका तुम्ही. ऐकू द्या मला.