पहिल्या हाकेची ओ

पनवेलला भुताचा सिनेमा पाहून निघालेला देवेश उलव्याच्या रिक्षांच्या रांगेत उभा राहिला. पुढे ठमाबाई नावाची वृद्ध कोळीण होती आणि शेजारी तिचा भाचा कुंदन. तो सिनेमा कुंदननेच काढलेला, हे त्यांच्या बोलण्यावरून देवेशला कळले.

"आत्या, रागावलीस? थोरल्या आत्याचं भूत केलं मी."

"जनी भूत नव्हती रं. होडी उलटली, बुडाली समजलो, पन ती खाडी पवत घरी आली. तिन्हीसांजेला दारातून दोनदा हाक मारली, 'ठमे!' आय बोलली, भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची नाय."

"मग?"

"तिसरी हाक आलीच नाय. दार उघडला, तर उंबऱ्यावर गार पडलेली."

"हे मला कुणीच सांगितलं नाही! शेवट तर मी मनानंच रचला."

"तुझ्या सिनेमातली ठमी पहिल्याच हाकेला ओ देते, दार उघडते. मीपन थेटरात तिच्यासंगं मोठ्यानं ओ दिली."

"ती तू होतीस? अख्खं थिएटर हसलं!"

"हसू दे. साठ वर्सांनी मोकली झाली मी."

देवेशही हसला होता.

रिक्षा आली. कुंदन आत बसला.

"आत्या..."

हाक पुरी होण्याआधीच ठमाबाईने ओ दिली.