लंबूची गाठ

नाही हो साहेब, भाषण कसलं देणार, मला बोलता कुठं येतं? तुम्ही ऑफिसात बोर्डावर बाण काढून शिकवता ना, माणसांना हुरूप कसा आणायचा ते — इथं बोर्ड नाही. इथं गच्चीचा कठडा आणि खाली रस्ता. काचा पुसायला पहिला मी उतरतो, बस्स, एवढंच. आणि माझा दोर दुसऱ्यानं बांधायचा, मी गाठ तपासायची नाही. का म्हणजे? अहो, ज्याच्या गाठीवर मुकादम डोळे झाकून लटकतो, तो माणूस दिवसभर मान ताठ ठेवून राबतो — आणि बाकीचेही मग त्याच्यावर विसंबतात. झालं, हेच आमचं ट्रेनिंग.

आज कोण बांधतोय? तो काय, टाकीपाशी — लंबू. हो, तोच. ऑफिसपर्यंत पोचलं वाटतं? गेल्या महिन्यात त्याची गाठ सुटली नि मी मजलाभर खाली — दुसऱ्या दोरानं धरलं म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. तेव्हापासून त्याच्या हातचा दोर कुणी घेत नाही, चहासुद्धा लांब बसून पितो बिचारा. आज मी उतरलो तर उद्या सगळे घेतील. नाही उतरलो तर त्यानं सरळ घरी जावं — त्यालाही ठाऊक आहे ते, बघा कसा घाम पुसतोय. मला? छे, मला कसली भीती! कठडा धरलाय होय — तो वाऱ्यामुळं. वारा नाही खरं... हे बघा, कुठं बोलू नका, बायकोलाही माहीत नाही — रात्री झोपेत मी पलंगाची कड घट्ट धरून असतो.

साहेब, एवढं एक करा. सहज वळल्यासारखं करून मागच्या खांबाला त्यानं बांधलेल्या गाठीकडं बघा — गाठीपुढं दोराचं टोक हातभर शिल्लक आहे ना? तेवढं असलं की गाठ सुटत नाही. अहो हळू! इतकी मान कशाला — बघितलं त्यानं. सगळ्यांनीच बघितलं. संपलं. नको, आता सांगू नका. तुम्ही ‘आहे’ म्हणालात तर मी तुमच्या भरवशावर उतरेन, त्याच्या नाही.

लंबू! इकडं बघ. तुला विचारायचं सोडून मी साहेबांना विचारत बसलो. भीती वाटते रे मला, फार वाटते. नीट बांधलीस ना?

...बरं.

सरका साहेब. उतरू द्या.