किती नको?

...नाही, पण तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? ताई अजून माझ्याशी धड बोलत नाही, फोन उचलते तो 'हं' म्हणून आणि ठेवते तोही 'हं' म्हणून, आणि सगळ्या नातेवाइकांत झालंय असं की मी, म्हणजे मी, आमच्या भाऊजींना भरदुपारी गुत्त्यात नेऊन बसवलं! गुत्ता? अहो, गुत्त्यात टेबलावर फुलदाणी असते? पाणी मागितलं तर त्यात काकडीची चकती तरंगत येते? बरं, जायचं ठरवलं कुणी? ताईने! 'तू त्यांना तिथे ने, खाऊ-पिऊ घाल, आणि हळूच सांग.' हळूच! भाऊजींना कुणी काही हळूच सांगितलंय का आजवर? त्यांना ऐकूच येत नाही हळूच सांगितलेलं!

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. चष्म्याचं दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, पण उभ्या आयुष्यात कशाला सरळ 'हो' म्हणालेला नाही. चहा घेता? 'नको.' नको म्हणजे अर्धा कप. फिरायला येता? 'बघू.' बघू म्हणजे चपला घालून दारात उभे. वाढदिवसाला शर्ट आणला? 'उगाच.' उगाच म्हणजे पुढचे सहा महिने तोच शर्ट. ताईला ही भाषा कळते, छकुलीला कळते, मलाही आता थोडीफार कळते. बाहेरच्या माणसाने काय करायचं?

छकुली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची. तिशीची बाई आहे हो, पण घरात अजून छकुलीच. तिला नोकरी लागली तेव्हा भाऊजींनी विचारलं, 'काय बनवता तिथे?' ती बिचारी घाबरत घाबरत म्हणाली, 'बाबा, मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या असतात, त्यात पाणी असतं, त्याचं तापमान सांभाळायचं, सगळं अगदी स्वच्छ लागतं...' आणि पुढचं ती बोलणार, तेवढ्यात भाऊजींनी टाळी वाजवली. 'कळलं! कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी!'

झालं! त्या दिवसापासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस, मग तो चष्म्याची काडी बदलायला का आलेला असेना, त्याला आधी ऐकावं लागायचं. 'आमची मुलगी लेन्सचं पाणी बनवते बरं का. माझीच लाइन. जरा पुढे नेली.' आणि चेहरा असा की काय सांगू! आता तुम्ही सांगा, अशा माणसाला कोण जाऊन सांगणार की साहेब, तुमची मुलगी बिअर बनवते? छकुलीला सांगवेना. ताई म्हणाली, पुढच्या महिन्यात सांगू. मी म्हटलं, मी कोण सांगणारा? असं करत करत वर्ष उलटलं. आणि मालकांनी छकुलीला तिथली मुख्य केलं, रविवारी छोटासा समारंभ ठेवला, आणि पोरगी हट्टाला पेटली, बाबा आले पाहिजेत! मग आठवला कोण? मामा!

तर समारंभाच्या आधीच एका दुपारी आम्ही दोघं तिथे पोचलो. जुनं गोदाम आहे, वर लोखंडी तुळया, खाली लाकडी बाकं, आणि समोर ही भली मोठी काच. काचेपलीकडे टाक्या, नळ्या, वाफ. बिअर तिथेच बनते, तिथेच लोक पितात, असा प्रकार. भाऊजींना यातलं काही नीट दिसेल म्हणता? छे! त्यांचा स्वतःचा चष्मा दुरुस्तीला पडलेला. कुठे? त्यांच्याच दुकानात! गिऱ्हाइकांना देतात तसं 'उद्या या' स्वतःलाही सांगत असावेत.

भाऊजी बसले, नाक वर केलं. 'कसला वास येतोय रे?'

मी म्हटलं, 'धान्याचा.' खोटं आहे का? नाही ना?

'कुठलं धान्य?'

'बार्ली.'

'अरे वा!' एकदम खूश. 'मुतखड्याच्या वेळी डॉक्टरांनी मला बार्लीचंच पाणी दिलं होतं.'

आता इथे मी हळूच सांगणारच होतो, शपथेवर सांगतो, तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात वेटर आला. चांगला पन्नाशीचा, मिशांना पीळ दिलेला, अतिशय नम्र माणूस. वाकून म्हणाला, 'काय देऊ साहेब?'

भाऊजी म्हणाले, 'नको.'

'मोठी की लहान?'

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वेटरकडे पाहिलं. 'काय मोठी?' भाऊजींनी विचारलं.

'नको, साहेब.'

'मग मी तेच म्हणतोय ना! नको!'

'हो साहेब. किती नको?'

'अजिबात नको!'

'म्हणजे लहान,' वेटर समजुतीने म्हणाला. 'आणखी काही?'

'बघू.'

'एक बघू. आणि?'

'अहो, आणि काय आणि? उगाच...'

'उगाच कालच संपली, साहेब,' तो खरंच हळहळला. 'परवा नवीन टाकी उघडेल.'

आणि गेला! भाऊजी माझ्याकडे असे बघतात की जणू मीच त्याला फितवलाय. 'या माणसाला ऐकू येत नाही का रे?' मला काय माहीत? मलाच काही कळेना! मी इतका गोंधळलो की बटाट्याचे काप आणि भाजलेली कोंबडी सांगायला हात वर केला, तर पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी मला हात केला. ओळखदेख नाही! मीही केला परत. काय करणार?

पाच मिनिटांत दोन ग्लास समोर. एक सोनेरी, एक काळपट तांबूस, वर फेस. भाऊजी म्हणाले, 'हे काय?'

'ही नको, ही बघू.'

'नको तर आणलीत कशाला?'

'तुम्हीच म्हणालात ना साहेब, नको.'

'नको म्हटल्यावर आणतात का?'

'नको म्हटल्यावर नकोच आणतो, साहेब. बघू म्हणालात तर बघू. माझं काही चुकलं का?'

बघा! माझंच वाक्य त्याच्या तोंडी! म्हटलं, या जगात सगळ्यांचा तोच प्रश्न दिसतोय. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ही नावं होती! तिथल्या बिअरची नावं! नको, बघू, उगाच... कुणी ठेवली असतील, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

भाऊजींनी मात्र वाद सोडला, आलेली वस्तू टाकायची नाही म्हणून एक घोट घेतला. तोंड वाकडं. 'कडू आहे. म्हणजे औषधी असणार.' दुसरा घोट. मग दुसऱ्या ग्लासातला. मग दुकानातली डोळ्यांचा नंबर तपासायची सवय उसळली, दोन्ही ग्लास पुढे धरून मला म्हणतात, 'हे बरं की हे? ... आणि आता? ... आता?' मी काय सांगणार, मी गाडी चालवणार होतो, ओठालाही लावली नव्हती!

आणि मग त्यांची नजर काचेकडे गेली. पलीकडे एक आकृती, पायात गमबूट, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची नळी, टाकी धूत होती. भाऊजी डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघतायत. 'तो मुलगा बघ. मघापासून बघतोय, किती मन लावून घासतोय! टाकीच्या मागची बाजूसुद्धा सोडली नाही.' मी पाण्याचा ग्लास उचलला. 'अशी माणसं राहिली नाहीत रे.' मी घोट घेतला. 'लग्न झालंय का त्याचं, विचारतोस? आपल्या छकुलीसाठी...'

तुम्हाला सांगतो, मला जो ठसका लागला! तीच होती हो! ती छकुलीच होती!

तेवढ्यात मिशीवाला वेटर आत गेला, काहीतरी सांगू लागला. हातवारे करून. एक गृहस्थ आहेत, नको म्हणतात, आणली तर विचारतात नको कशाला आणली. काचेपलीकडची नळी थांबली. टोपीवाल्या आकृतीने वळून पाहिलं. असं वागणारा माणूस जगात एकच आहे, हे तिला कळणार नाही? दार उघडलं, गमबुटांचा पचक पचक आवाज करत ती टेबलापाशी आली आणि टोपी काढली.

'बाबा.'

भाऊजी बघत राहिले. पुढे झुकले. मग म्हणाले, 'छकुली? तू इथे तुमचं ते पाणी पोचवायला आली आहेस?'

'नाही बाबा. मी इथेच काम करते. ही बिअर आहे. मी बनवलेली.'

'मग लेन्सचं पाणी?'

'ते मी कधीच म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला इतक्या कौतुकाने सांगायला लागलात... मला मोडवेना.'

भाऊजींनी हातातला ग्लास खाली ठेवला. आवाज न करता. उठले आणि दाराकडे चालू लागले. मी धावलो मागे. दारात थांबून म्हणाले, 'तुला माहीत होतं?' मी मान डोलावली. 'हिच्या आईला?' पुन्हा डोलावली. 'म्हणजे वर्षभर मी दुकानात बडबडतोय, आणि तुम्ही सगळे ऐकताय. एकालाही वाटलं नाही, याला सांगावं?'

मी आपला पायपुसण्याकडे बघत उभा. एरवी माझी जीभ कशी चालते ते बघताय तुम्ही.

छकुली मागे आलेली. डोळ्यांत पाणी, बाही वर करून पुसत होती, तर भाऊजींनी तिचा हातच धरला. 'हे काय?' मनगटावर लाल चट्टा.

'काही नाही, वाफ लागली.'

'वाफ? कुठून येते वाफ?'

'वरच्या झाकणातून. उघडताना.'

'आणि झाकण उघडताना तोंड कुठे असतं तुझं?'

'वरच... बघावं लागतं ना आत.'

'आणि डोळ्यांवर?'

छकुलीने हातातली टोपी उलटीपालटी केली.

'डोळ्यांवर काय असतं?' भाऊजींचा आवाज असा चढला की बाकांवरची माणसं खायची थांबली. 'चष्मेवाल्याची मुलगी! उकळत्या वाफेत तोंड घालते, आणि डोळ्यांवर काही नाही? कुठेय ते झाकण? दाखव मला!'

आणि गेले आत! तिथले गमबूट चढवून! काचेतून मला दिसत होतं, शिडीवर छकुली, खाली भाऊजी, हा नळ कसला, तो काटा कसला... ती सांगत होती आणि ते मान हलवत होते. तासाभराने बाहेर आले ते अंगाला ओल्या धान्याचा वास घेऊन. मला फक्त एवढंच म्हणाले, 'पोरीने काय पसारा सांभाळलाय रे.' रविवारी समारंभाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर, आणि फुलांऐवजी काय नेलं? तिथल्या झाडून सगळ्या कामगारांसाठी संरक्षक चष्मे! मालकांना धरून धरून नाकावर बसवून बघितले.

मग म्हणा, चांगलंच झालं की सगळं! मग ताई माझ्यावर का चिडली? तर तिचं म्हणणं, हळूच सांग म्हटलं होतं, तू सांगितलंसच नाहीस! तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आणि आता दर रविवारी भाऊजींना लेकीला काम करताना बघायचं असतं. एकट्याने जायला लाज वाटते, म्हणून मला नेतात. दारू ते पीत नाहीत, त्या दिवसानंतर कायमची बंद. मी प्यायलो असतो हो, पण गाडी कोण चालवणार? तेव्हा आम्ही दोघं म्हातारे काचेसमोरचं टेबल धरून बसतो. आजूबाजूला फेसाळलेले ग्लास, हसणं, खिदळणं. आणि तो मिशीवाला वेटर आता काही विचारतही नाही. आम्हाला दारात बघितलं की आत ओरडतो, 'दोन टोमॅटो सूप!'