उत्कंठा आणि पंखा

कौल लावायला गुरवाने देवीच्या मूर्तीवर फुलांचे दोन कळे चिकटवले. उजवा पडला तर निवृत्त विज्ञानमास्तर हरिश्चंद्रांच्या मुलीने क्रूझवर नोकरीला जावं, डावा पडला तर घरी राहावं. रांगेत मागे उभ्या असलेल्या दिव्या नावाच्या मुलीला मास्तर आणि त्यांची बायको काशीबाई यांची कुजबुज ऐकू येत होती.

"मान कित्याक ताणतास?"

"हेकाच उत्कंठा म्हणतत गो. उत् म्हणजे वर, कंठ म्हणजे गळो."

"जन्मभर पोरांक शिकयत होतास, देव म्हणजे दगड!"

"आता त्याच दगडाच्या तोंडाकडे बघतंय. गाढव मी."

"मगे मान खाली घाला."

"जमणा नाय. माका आपल्या चेडवाक क्रूझवर धाडूचा आसा."

"अरे देवा, डावो पडलो!"

"ओ गुरवानू, आधी पंखो बंद करा! वाऱ्यान पडलेलो कळो विज्ञानात बसणा नाय. परत लावा."