अण्णांचा पाय

थोरला : त्याला सांग, माझ्या बाजूनं काही नाही. इंजिनात खोट काढून दाखव म्हणावं. काही असलंच तर ते वायरिंगमध्ये.

बहीण : तो तुझ्यासमोर उभा आहे, दादा. मध्ये फक्त बॉनेट आहे.

धाकटा : ताई, तू त्याला सांग, वायरिंग मी नखशिखांत नवं घातलंय. ज्यांना हातोडीशिवाय दुसरं हत्यार माहीत नाही, त्यांनी वायरिंगवर बोलू नये.

थोरला : मीटरचा काटा हलला की ह्याला वाटतं आपण शास्त्रज्ञ झालो.

बहीण : झालं तुमचं? हा असा प्लास्टरमधला हात घेऊन दोन बस बदलून मी आलेय, ती तुमची भांडणं ऐकायला नाही. त्या संध्याकाळी ही गाडी भिंतीवर का गेली, तेवढं बघा.

थोरला : त्यात बघायचं काय? अण्णांचा पाय चुकला. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. ह्या वयात होतं असं.

धाकटा : ह्या एका बाबतीत आमचं एकमत आहे.

बहीण : वा. गॅरेजच्या मधोमध रेघ मारून बसलात, एकमेकांना पाणी विचारत नाही, आणि एकमत झालं ते बापाला म्हातारा ठरवण्यावर.

धाकटा : ठरवायला कशाला हवं? आहेतच.

बहीण : ते पहिल्या क्षणापासून काय म्हणत होते? "मी पाय उचलला होता, गाडी वेग सोडत नव्हती." मी शेजारी बसले होते.

धाकटा : मग तू त्यांचा पाय बघितलास का?

बहीण : नाही. मी भिंत बघत होते.

थोरला : घ्या. साक्षीदार म्हणून आली आणि काही बघितलंच नाही.

बहीण : त्या माणसानं उभी हयात मालकांच्या गाड्या चालवल्या. एकाही गाडीला कधी ओरखडा नाही. म्हणून तर मालकांनी जाताना ही त्यांना दिली.

थोरला : दिली कसली, गळ्यात मारली. म्हणे स्पोर्ट्स कार. अंगापेक्षा बोंगा मोठा. आत दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसणार आणि पुढे बॉनेट हे एवढं लांब. चढावर पाणी उकळतं, पावसात दिवे जातात, सरळ रस्त्यावर तेल गळतं. मालकांना भंगारवाला मिळाला नसेल.

धाकटा : सांग त्याला, दिवे मी हातात घेतल्यापासून जात नाहीत. तेल मात्र अजून गळतं.

बहीण : दादा, अपघातानंतर तू गाडीत काय बघितलंस?

थोरला : पेडल दाबून बघितलं. घट्ट झालंय. पुढचा पत्रा आत आलाय, त्यानं दबलं असणार.

बहीण : असणार. उघडून बघितलंस?

थोरला : अगं, दिसतंय ते काय उघडायचं?

धाकटा : हा म्हणे मिस्त्री. गिऱ्हाइकाची असती तर खिळा न् खिळा मोकळा केला असता. बापाची गाडी, तिला "असणार" पुरतं.

बहीण : तू फार शहाणपणा करू नकोस. तू काय बघितलंस?

धाकटा : फ्यूज बघितले. शाबूत होते.

बहीण : आणि?

धाकटा : आणि काय? फ्यूज शाबूत म्हणजे वायरिंग शाबूत.

बहीण : म्हणजे एकानं पेडल दाबलं, एकानं फ्यूज बघितले, आणि दोघांनी मिळून बापाच्या हातातून किल्ली काढून घेतली. चहा गार व्हायच्या आत निकाल. बस आत, दादा. सुरू कर.

थोरला : काही उपयोग नाही. पेडल अडकलेलं असताना इंजिन सुरू झालं तर बोंबलत सुटेल.

धाकटा : त्याला सांग, मी कॉइलची वायर काढलीय. इंजिन नुसतं फिरेल, पेटणार नाही. इतकं तरी ह्याला सुचायला हवं होतं. न्यूट्रलला घे म्हणावं.

बहीण : ऐकलंस ना?

थोरला : मला काय गाडी शिकवतोय? स्टार्टर मारतोय. ऐक. कशी कण्हतेय बघ. बॅटरी मेलीय ह्याची.

धाकटा : नवीकोरी बॅटरी आहे. ह्याचं इंजिनच जाम असेल. मार म्हणावं अजून.

थोरला : मारतोय. वेग कुठाय? नुसती कुंथतेय.

बहीण : कसला वास येतोय रे? काहीतरी जळकट.

धाकटा : थांब, दादा. तसाच दाबून धर. सोडू नकोस.

बहीण : अरे, तू चक्क त्याच्याशी बोललास.

धाकटा : आई गं.

(इंजिनाजवळच्या एका केबलला हात लावून तो झटक्यात मागे घेतो.)

थोरला : काय झालं? भाजलं? दाखव.

धाकटा : किल्ली बंद कर आधी. ॲक्सिलरेटरची केबल तापलीय. निखाऱ्यासारखी.

थोरला : केबल कशी तापेल? ती नुसती ओढायची तार. तिच्यात कुठून आला करंट?

धाकटा : तेच विचारतोय. इंजिनाची अर्थिंगची पट्टी कुठाय?

थोरला : कुठली पट्टी?

धाकटा : इंजिनापासून बॉडीला जाते ती. जाड, विणलेली, तांब्याची. कुठाय ती?

बहीण : मला समजेल असं बोला.

धाकटा : ताई, इंजिन रबरावर बसवलेलं असतं, बॉडीला थेट टेकत नाही. स्टार्टर म्हण, दिवे म्हण, जो काही करंट इंजिनात येतो-जातो, त्याला बॉडीतून बॅटरीकडे परतायला त्या पट्टीची वाट असते. ती नसली की करंट मिळेल त्या वाटेनं घुसतो. इथे त्याला ही केबल मिळाली. ती तापली, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळलं आणि तार त्यात चिकटून बसली.

बहीण : त्या संध्याकाळी आमचे दिवे लागलेले होते.

धाकटा : मग झालंच. रस्ताभर तापत गेली असणार.

बहीण : तार चिकटली, म्हणजे पाय उचलला तरी?

थोरला : पेडल वर येत नाही. गाडी वेग सोडतच नाही.

बहीण : हेच शब्द होते अण्णांचे.

थोरला : पट्टी मी काढली होती. क्लचसाठी इंजिन उतरवलं, तेव्हा.

बहीण : आणि परत लावली नाहीस?

थोरला : मी कशाला लावू? रेघ मारली तेव्हाच ठरलं होतं. तेल लागतं ते माझं, करंट वाहतो ते त्याचं. पट्टी करंटची. मी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.

धाकटा : न सांगता. मला वाटलं, ह्यानं आपला कचरा माझ्याकडे लोटला. दोन बोल्टांनी इंजिनाला लागते, नटबोल्ट ह्याचे. मी उचलून परत ह्याच्या टेबलावर ठेवली.

थोरला : मी पुन्हा तुझ्याकडे टाकली.

धाकटा : मी पुन्हा तुझ्याकडे.

बहीण : आता कुठे आहे?

थोरला : तिकडे. सुट्ट्या सामानाच्या डब्यात.

बहीण : एक वाक्य. "ही लाव रे" एवढं एक वाक्य तुमच्यातल्या एकाच्या तोंडून निघालं नाही. शाळेतली पोरं कट्टी घेतात, तीसुद्धा खोडरबर मागण्यापुरती बोलतात. तुम्हाला मिस्त्री कोण म्हणतं? तुमच्याकडे सायकलमध्ये हवा भरायला द्यायची माझी हिंमत होणार नाही. आणि वर तोंड करून म्हणता, अण्णांचा पाय चुकला.

धाकटा : ताई, चूक झाली. आत्ता जाऊन सांगतो त्यांना.

बहीण : काय सांगशील?

धाकटा : की त्यांचं खरं होतं. केबल काढून घेऊन जातो. डोळ्यांनी बघू देत.

बहीण : "मशीनमधलं तुम्हाला काय कळतं, अण्णा?" असं तुम्हीच त्यांना वर्षानुवर्षं ऐकवत आलात. ते केबल बघतील, मान डोलावतील, आणि मनात म्हणतील, पोरांना माझी कीव आली.

थोरला : असं कसं म्हणतील? ते तर छातीठोक सांगत होते.

बहीण : पहिले काही दिवस सांगत होते. तुम्ही दोघं जेवताना एकमेकांकडे न बघता हसायचात, तेव्हापासून बंद झाले. आज सकाळी माझ्याजवळ येऊन बसले. ह्या प्लास्टरवर हात ठेवला. म्हणाले, "माफ कर पोरी. पायच चुकला असणार माझा. एरवी त्या दोघांचं कशात म्हणून जमत नाही. तेही दोघं हेच म्हणतात."

थोरला : असं म्हणाले?

बहीण : म्हणून तर आले मी. नाहीतर तुमचं तोंड बघायची हौस नव्हती मला.

धाकटा : दादा, पट्टी आण तू. मी नवी केबल बघतो. दुपारपर्यंत उभी करू.

थोरला : संध्याकाळी अण्णांना घेऊन ये. किल्ली मी स्वतः त्यांच्या हातात देतो. पाया पडून देतो.

बहीण : द्या. मी शेजारी बसेन, तोच हात घेऊन. पण ते बसतील असं धरून चालू नका.

थोरला : का नाही बसणार? त्यांचा जीव आहे ह्या गाडीत.

बहीण : दादा, हल्ली ते घरातला जिनासुद्धा स्वतःच्या पायाकडे बघत उतरतात.