आईचा उजवा कान

हॅलो?… कोण?… अगं बकुळ, तू होय! लहानपणी इथे काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून आई हाक मारायची बघ, "मुक्ते, बकुळे, निघा गं पाण्यातून," अशी लांबवून… अगदी तस्साच आला तुझा आवाज. मी इकडेतिकडे बघायला लागले!

हो, हो… आई आहे, जागी आहे. आधी सांग, गाडी कुठे पोचली?… अजून सतन्यालाच? काय मेलं हे धुकं!… खाल्लंस का काही?

आई ना? मजेत आहे, खोटं नाही सांगत. सकाळी मलइयो मागितली. नुसता दुधाचा फेस गं, जिभेवर ठेवली की विरते, गिळायचे कष्टच नाहीत. दोन चमचे खाल्ली आणि म्हणते, केशर कमी आहे!

…हो, धाप लागते गं. फुफ्फुसांत आता जागाच उरली नाही. काल तिन्हीसांजेला पाऊण तास नुसती तडफड. मॉर्फिननंही भागत नाही… तेच सांगतेय, ऐक ना. यज्ञेश डॉक्टर म्हणतात, आता झोपेचं औषध, सुईतून, थेंबाथेंबानं. जेवढ्यानं तिला त्रास जाणवणार नाही, तेवढंच.

…नाही, नाही, मारणं नव्हे! मीही हेच विचारलं. म्हणाले, आजार त्याच्या चालीनं जाईल, आपण फक्त तिची तडफड थांबवायची… जागी? नाही गं… बहुतेक नाही होणार परत.



अगं, पण आज सकाळी काय गंमत झाली! श्रीरामकाका आले, उपरणं सावरत. म्हणे, "वहिनी काशीत देह ठेवणार, शेवटच्या क्षणी साक्षात विश्वनाथ उजव्या कानात तारकमंत्र सांगणार, आणि तुम्ही तिला औषधानं झोपवणार? ऐकणार कोण?" आणि स्वतः तिला डाव्या कुशीवर वळवलंन, उजवा कान वर यावा म्हणून!

…हो ना! तोच तर! वीस वर्षं ठार बहिरा आहे तो कान! काकांच्या गावीही नाही. काका तिकडून वाकून मोठमोठ्यानं समजावताहेत, आणि ही आपली शांत. मग मला खुणेनं विचारलंन, काय म्हणतोय? मी उशी सरकवून खालच्या डाव्या कानात सांगितलं, तर हसायला लागली. दम लागेपर्यंत हसली, अगं! म्हणे, "भावजी, बहिऱ्या कानात सांगायला येणारा, झोपलेल्या बाईला नाही का सांगू शकणार? का त्याला आधी चिठ्ठी पाठवू?"

…काका? उपरण्यानं डोळे पुसले, आणि उरलेली मलइयो खाऊन गेले. आमची नर्स रुची तोंडाला पदर लावून हसतेय, "अम्माजी तो कमाल हैं!"

डॉक्टरांवर ओवीसुद्धा रचलीये तिनं. म्हणू?

औषधाचं गं पाणी
डॉक्टर माझा नावाडी
हळूच लोट रे बाळा
भरली माझी होडी

…रडू नकोस ना. थांब, तिच्या डाव्या कानाशी धरते फोन. बोल… बोल काहीही… अगं, हसतेय! मान हलवतेय! काय सांगितलंस तिला?… बरं, नको सांगूस. तुमचं तुम्हांला.

काय?… परत बोल, आवाज तुटतोय… आजच औषध द्या म्हणतेस? तू पोचायच्या आधी?… नक्की ना?

नाही, मी नाही रडत. थंडी आहे म्हणून.

बकुळ, ऐक. मध्ये बोलू नकोस. गाडी हलली तरी ठेवू नकोस… आईनं परवाच सांगितलंय, झोपवा म्हणून. रुचीसमोर, डॉक्टरांचा हात धरून. तेही तयार होते. मीच त्यांना म्हटलं, धाकटी बहीण नको म्हणतेय, ती येईपर्यंत थांबा… हो, तुझं नाव सांगितलं मी. तुला तर कुणी विचारलंही नव्हतं. कालची ती पाऊण तासाची धाप… ती माझ्यामुळे, बकुळ. नको म्हणणारी मीच होते.

…हो. …हो गं. आता नाही अडवणार. ठेव तू, डॉक्टरांना बोलावते.